नत्थुजीने फाडलेली गासडी

रुई तुडवणारा माणूस गासडी भरेपर्यंत खड्ड्यातून वर येत नाही. अमरावतीच्या वखारींत हा नियम कुणी लिहून लावला नव्हता, पण चांगल्या गड्याला तो सांगावाही लागत नसे. जमिनीत छातीभर खोल खड्डा. त्याच्या तोंडावर लाकडी चौकट, आणि चौकटीला अडकवून आत सोडलेली तरटाची लांब पिशवी. तुडवणारा त्या पिशवीत उतरायचा. वरचा गडी कवळाकवळाने रुई टाकायचा आणि हा ती पायाने दाबायचा. आधी चारही कोपरे टाचेने, मग कडा, शेवटी मधला भाग. एक थर बसला की माणूस तेवढाच वर यायचा. असं करत करत तो जमिनीच्या बरोबरीला आला की गासडी भरली. मध्येच कुणी पाणी प्यायला बाहेर पडला, तर दबलेली रुई फुगायची आणि परत उतरल्यावर शंभर-सव्वाशे पावलं फुकट टाकावी लागायची.

नत्थुजी कधी बाहेर येत नसे. पाणी आत, भाकर आत, आणि दम लागला की चिलीमही आतच, उभ्याउभ्या. चार जणांच्या त्यांच्या टोळीत सगळ्यात घट्ट गासडी त्याची. मुकादम महादेवराव गासडीला बुक्की मारून पाही आणि नत्थुजीच्या गासडीवर हात झटकी.

तो मूळचा चांदूर बाजारकडचा कुणबी. वावर काळं, चांगलं. पण चार भावांत वाटणी झाल्यावर त्याच्या वाट्याला जे आलं ते एका दिवसात वखरून होई. त्याच सुमारास साहेबाच्या मुलखाला परदेशचा कापूस मिळेनासा झाला. तिकडे कुठेतरी लढाई जुंपली आहे, एवढंच वखारीत लोकांना माहीत. त्या लढाईपायी वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी असा भाव आला की अमरावतीत बैलगाड्यांना उभं राहायला जागा पुरेना. हातपाय चालणाऱ्या माणसाला काम होतं. नत्थुजी बायको मैनाबाई, दहा वर्षांची शकुन आणि पाच वर्षांचा सहदेव यांना घेऊन आला आणि या वखारीत लागला.

काम होतं, पण जागा पक्की नव्हती. मुकादमाच्या मर्जीवर सगळं. सकाळी आलेल्या गड्याला महादेवराव दुपारी घरी पाठवी आणि दुसरा उभा करी. वखारीच्या फाटकाबाहेर रोज पन्नास माणसं बसलेली असत. शकुन दुपारी भाकर घेऊन येई तेव्हा तिला त्या माणसांच्या मधून जावं लागे. ती माणसं काही बोलत नसत. फक्त बघत. तिला वाटे, यातला एक जण उद्या आपल्या बाबांच्या खड्ड्यात उतरेल आणि आपण पुन्हा, गाव सोडल्यावर मागच्या हिवाळ्यात काम मिळेपर्यंत झोपलो तसे, कुणाच्या तरी गोठ्यात झोपू. 

होळी होऊन आठेक दिवस झाले होते. शकुन सहदेवाला कडेवर आणि भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन फाटकाशी आली, तेव्हा फाटकाबाहेर एकही माणूस बसलेला नव्हता. सगळे आत धावले होते. धुराचा वास येत होता.

पूर्वेच्या भिंतीजवळ रचलेल्या सहा गासड्या जळाल्या होत्या. माणसांनी माती टाकून, हौदाचं पाणी ओतून आग विझवली होती. ओल्या राखेतून अजून वाफ निघत होती. जवळच उरलेल्या चाळीसेक गासड्यांची थप्पी होती. तिच्यापर्यंत आग पोचली नव्हती. शकुन आत शिरली आणि तिच्या मागे कुणीतरी फाटक लावून आडवा दांडा घातला.

"कोनी बाहेर जाऊ नका!" महादेवराव ओरडला. "शेट सांजच्याले बडनेऱ्याहून येईन. मले त्याले सांगा लागते, कोनं केलं म्हणून."

सांगायला माणूस सापडलेला होता. खड्ड्याजवळच्या एका खांबाला एक बाई बांधली होती. शकुननं तिला ओळखलं. तानुबाई. टाकाऱ्याची. हे लोक दारोदार फिरून जात्याला टाकी लावत. झिजलेलं जातं त्या छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून देत. त्यांच्याशिवाय कुणाचंच जातं चालत नसे आणि तरी कुणाचाच त्यांच्यावर विश्वास नसे. तानुबाई आळीत आली की मैनाबाई आधी अंगणातली भांडी घरात घेई, मग जातं बाहेर काढी. शकुनलाही तेच शिकवलं होतं. परवाच तिनं तांब्या उचलून आत नेला होता, आणि तानुबाईनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"हिनंच लावली आग," टोळीतला शालिकराम सांगत होता. हा नत्थुजीच्या शेजारच्या खड्ड्यात तुडवी. "भितीच्या पल्याड बसून टाकी ठोकून राहिली होती. ठिणग्या उडून राहिल्या होत्या. म्या माह्या डोयानं पाह्यल्या."

"जातं टाकवून राहिली होती मी," तानुबाई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "तुमच्या याच महादेवरावाचं जातं हाये. त्यायच्याच बाईनं बोलावलं. इचारा त्याइले."

"जातं टाकवाले बोलावलं," महादेवराव म्हणाला. "वखार पेटवाले नाई बोलावलं."

चार लोक हसले.

"टाकारी म्हनलं की समजून घ्या. दिवसा जातं टाकवते, रात्री भीत फोडते."

"काल माह्या आळीत आली होती. तवापासून माही पितळेची वाटी दिसून नाई राहिली."

"अबे, तुह्या घरी पितळेची वाटी होती कवा?"

पुन्हा हसणं झालं. शकुनला ते हसणं सगळ्यात भयंकर वाटलं. माणसं चिडलेली असती तर तिला समजलं असतं. ही माणसं हसत होती, आणि हसता हसता शालिकरामानं तानुबाईची टाकी उचलून पहारेकऱ्याच्या चुलीत खुपसली.

"तिचीच टाकी लाल करून तिच्या तयहातावर ठेवा," तो म्हणाला. "खरी असंन तं भाजनार नाई. खोटी असंन तं दिसूनच जाईन."

"कचेरीत न्या की," मागून कुणी म्हणालं.

"कचेरीत नेली का दोन दिवसांत सुटते. हात भाजला का गावोगाव दिसते," शालिकराम म्हणाला.

 महादेवरावानं चुलीकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे केली. म्हणजे परवानगी झाली.

शकुननं बाबांना शोधलं. नत्थुजी राखेच्या कडेला उकिडवा बसला होता. जळक्या गासड्यांतली एक अर्धी उरली होती. तो तिच्यात हात घालून काहीतरी चाचपत होता. मग उठून तो महादेवरावाकडे आला. अंगावर रुईचे धागे चिकटले होते, भुवयासुद्धा पांढऱ्या.

"राव, वारा पाहा," तो म्हणाला. "पश्चिमेचा हाये. ही बसली पूर्वेले, भितीच्या बाहेर. ठिणगी वाऱ्याच्या तोंडावर आत येईन कशी?"

"नत्थू, तू रुई तुडव. वारा मी पाहतो."

"अन् ही उरली गासडी पाहा. बाहेरचं तरट कमी जयालं, पोट जास्त. आग आतून निंघाली, राव."

"आतून?" शालिकराम म्हणाला. "रुईच्या पोटात कोन चूल मांडली होती बे?"

 नत्थुजी थप्पीकडे गेला, वर चढला आणि अनवाणी पायांनी एका गासडीवरून दुसऱ्या गासडीवर चालू लागला. सावकाश. प्रत्येक गासडीवर तो उभा राही, पूर्ण वजन टाकी, दहा श्वास थांबे, मग पुढे. रुईत विस्तव अडकला तर तो लगेच पेटत नाही. घट्ट दाबलेल्या रुईत त्याला वारा मिळत नाही. तो दोन-दोन, तीन-तीन दिवस आतल्या आत खात राहतो. हाताला ते कळत नाही. पण रोज दोन-तीन गासड्या तुडवणाऱ्या तळपायाला रुईची कोरड कळते, ओल कळते, आणि धगही कळते.

लोकांना गंमत वाटली.

"नत्थू नाचून राहिला काय बे?"

"ढोलकी आणा रे कोनी!"

शकुन खाली उभी होती. सहदेवानं तिच्या मानेत तोंड खुपसलं होतं. चुलीतल्या टाकीचं टोक काळ्याचं किंचित तांबूस झालं होतं. तिनं मनात बाबांना हाक मारली, खाली या, खाली या. सगळे पाहताहेत. फाटकाबाहेर बसणारे ते पन्नास जणही पाहताहेत.

दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या गासडीवर नत्थुजी थांबला. दहा श्वास झाले, वीस झाले. तो पुढच्या गासडीवर गेला, परत आला, पुन्हा उभा राहिला. मग बसून त्यानं गासडीचं शिवलेलं तोंड पाहिलं.

प्रत्येक तुडवणाऱ्याची शेवटची गाठ वेगळी असे. गासडी ढिली निघाली तर कुणाची ते मुकादमाला कळावं म्हणून. नत्थुजी सुतळी दोनदा वळवून डावीकडे खोची. त्याच गाठीनं तो सकाळी शकुनच्या वेणीचा नाडा बांधी. थप्पी फार उंच नव्हती. शकुनला खालून ती गाठ दिसली.

ती गासडी त्याचीच होती.

दहा वर्षांच्या पोरीला सगळं एकदम कळलं असं नाही. पण एवढं कळलं, की आग बाबांच्या गासडीत आहे, आणि बाबा खड्ड्यात उभ्याउभ्या चिलीम ओढतात. नत्थुजीनं मान वर केली. त्याला शकुन दिसली. शकुननं जोरात मान हलवली. नाही. नका. ती रडत नव्हती, फक्त मान हलवत होती. तो तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिला की तिला वाटलं, ऐकलं. आता खाली येतील.

टाकी लाल झाली होती. पहारेकऱ्यानं ती सांडशीत धरून वर काढली. दोन माणसांनी तानुबाईचा उजवा हात सोडवून पुढे ओढला. ती मूठ घट्ट मिटून होती. एक जण तिची बोटं उलगडत होता.

"थांबा!" नत्थुजी वरून ओरडला. "ही गासडी फाडतो मी. विळा द्या."

"शेटची भरली गासडी हाये ती," महादेवराव म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता. "विळा लावला तं उद्यापासून या वखारीत पाय टाकू नको. सांगून ठेवतो."

"आयकलं."

"अबे, गाठ कोनाची हाये, थे तं सांग आधी!" शालिकराम हसत म्हणाला.

"माही हाये," नत्थुजी म्हणाला.

हसणं बंद झालं.  विळा कुणी दिला नाही. नत्थुजीनं गासडी लोटून थप्पीवरून खाली पाडली, मागोमाग उतरला, पहारेकऱ्याच्या चुलीजवळचा विळा स्वतः उचलला आणि पहारेकऱ्याच्या सांडशीतल्या लाल टाकीसमोरून जाऊन तरट वरपासून खालपर्यंत चिरलं. शकुनला त्याचे हात दिसत होते.  विळा दोनदा निसटला.

वरची रुई पांढरी निघाली. कुणीतरी "पाह्य, काई नाई" म्हणालंसुद्धा. हातभर आत ती पिवळी निघाली. त्याच्या आत तपकिरी. मग जळकट वास आला, आणि मधोमध घागरीएवढा काळा गोळा दिसला. तोपर्यंत त्याला वारा लागला होता. काळ्यावर लाल ठिपके उमटले, ठिपके पसरले आणि गासडी भडकली.

माणसं मागे पळाली. थप्पी तीन हातांवर होती. नत्थुजीनं पाय लावला. हातानं ढकलायचं तर तोंड ज्वाळेत गेलं असतं. तो पाठीवर पडला आणि दोन्ही पायांनी जळती गासडी लोटत लोटत मोकळ्या खड्ड्यापर्यंत नेली. सात-आठ लाथा. प्रत्येक लाथेला तो ओरडत होता. गासडी खड्ड्यात पडली तेव्हा माणसं पुढे धावली आणि वरून माती लोटली.

शकुन किंचाळत होती, हे तिला नंतर सहदेवानं सांगितलं.

टाकी पहारेकऱ्याच्या सांडशीतून मातीत पडली होती. ती उचलायला कुणी वाकलं नाही. नत्थुजी जमिनीवर बसून होता. तळपाय वर केलेले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"आमच्या चौघांतल्या कोनाची तरी चिलीम," तो धापा टाकत म्हणाला. "बाकी सहाच्या गाठी जयाल्या. याच्यात तं माहीच हाये. त्या बाईले सोडा."

कुणीच हललं नाही. शेवटी तानुबाईनं मोकळ्या झालेल्या हातानं आणि दातांनी स्वतःच डाव्या हाताची दोरी सोडली. ती तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "पानी द्या कोनी."

"शकुन," नत्थुजी म्हणाला. "पानी दे बाईले."

नत्थुजीचा पाण्याचा तांब्या खड्ड्याच्या कडेला होता. शकुननं सहदेवाला खाली ठेवलं. तांब्या उचलला. ती तानुबाईपर्यंत गेली. साठ पावलं असतील. तिला ती संपेनात. अशा माणसाला पाणी कसं द्यायचं, ते तिला माहीत होतं. वरून धार धरायची, त्यानं ओंजळ करायची. तांब्या त्याच्या हाताला लागू द्यायचा नाही. तिनं धार धरली. तानुबाईनं ओंजळ पुढे केली, पण दोरीनं सुजलेली बोटं जुळत नव्हती. पाणी मातीत गेलं. पुन्हा धरलं. पुन्हा गेलं.

शकुननं मागे पाहिलं. सगळी वखार तिच्याकडे पाहत होती.  तिनं तांब्या तानुबाईच्या दोन्ही मनगटांमध्ये ठेवला. तानुबाईनं तो तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

"बाटला तांब्या," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

*

मैनाबाईनं कोरफड चिरून तळपायांवर बांधली.  बांधून झाल्यावर तिनं हात धुतले आणि मग बोलली.

"लेकरं दिसली नाई का तुमाले तिथं?"

"दिसली."

"अन् तरी?"

"तरी."

"ती टाकारीण तुमची कोन लागत होती? तिचा हात भाजला असता, बरा झाला असता. आता या घरात कोन कमावनार हाये?" मग ती शकुनकडे वळली. "अन् तुले अक्कल नव्हती? तांब्या हातात दिला तिच्या!"

शकुन कोपऱ्यात सहदेवाला धरून बसली होती. आई चुलीकडे गेल्यावर ती सरकत सरकत बाबांजवळ आली.

"बाबा, मी नाई म्हनली होती. मानेनं."

"पाह्यलं मी."

"मंग काहून फाडली?"

नत्थुजी आढ्याकडे पाहत होता. "तुही मान पाह्यली अन् मले वाटलं, द्या सोडून. गासडी अशीच राहू द्या. गाडीत भरून जाईन, वाटेत कुठं पेटन, आपल्याले काय." त्यानं तिच्याकडे मान वळवली. "मंग ते तिची बोटं उलगडून राहिले होते. माह्या चिलमीसाठी तिची बोटं उलगडून राहिले होते, शकुन."

"तुमाले भेव नाई वाटलं?"

"वाटलं. आताबी वाटून राहिलं. झोप आता."

भीती वाटण्यासारखंच सगळं पुढे झालं. टोळीतल्या बाकी तिघांनाही महादेवरावानं काढलं, आणि तिघंही त्याच आळीत राहत. शालिकरामाची बायको रोज सकाळी दारात उभी राहून नत्थुजीच्या सात पिढ्या काढी. जातीतल्या चार जाणत्यांनी निरोप पाठवला, की टाकारणीनं तोंड लावलेल्या तांब्याचं पाणी प्यालेल्या घराशी व्यवहार नाही. पाणवठ्यावर मैनाबाईची घागर बायका पायानं बाजूला सारीत. एक दिवस ती रिकामी घागर घेऊन परत आली आणि उंबऱ्यात बसून राहिली. टाकाऱ्यांची पालं आगीच्या दिवशीच संध्याकाळी उठली होती. तानुबाई त्यांना पुन्हा कधी दिसली नाही.

महिन्यानं नत्थुजी टाचेवर चालू लागला. तळपायाची कातडी नवी आली होती, गुळगुळीत आणि आखडलेली. तिला काही कळत नसे. ना गरम, ना गार. तुडवणं संपलं होतं. एका गाडीवानाच्या हातापाया पडून ते मूर्तिजापूरच्या रस्त्यानं अकोल्याला आले.

अकोल्यातही वखारी होत्या आणि बाहेर बसलेली माणसं होती. शिवणकाम तरी मिळेल, असा नत्थुजीचा हिशेब. दाभण-सुतळीला पाय लागत नाहीत. वाटेतच मैनाबाईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पाय कसे भाजले विचारलं तर कढईतलं तेल सांडलं म्हणायचं. वखारीत आग आणलेल्या माणसाला वखार कोण दाखवणार? नत्थुजीनं ते ऐकून घेतलं होतं. थकला होता.

पहिल्या वखारीचा मुकादम तरुण होता, भगवंत नावाचा. त्यानं नत्थुजीला बसवून एक गासडी शिवून घेतली. टाके पाहिले, सुतळी ओढून पाहिली. खूष झाला. मग त्याची नजर पायांकडे गेली.

"हे काय झालं?"

"तेल सांडलं," मैनाबाई घाईनं म्हणाली. "सणाचं तयन होतं."

"दोनी पायावर? अन् खालून?" भगवंतानं शकुनकडे पाहिलं. "काय गं पोट्टे, तेल सांडलं?"

 एक शब्द, आणि रात्री भाकर होती. आई तिच्याकडे पाहत होती. बाबा पाहत नव्हते. ते सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत होते, आणि ते पुन्हा पुन्हा निसटत होतं, त्या दिवशीच्या विळ्यासारखं. तेव्हा तिला उमगलं, की बाबासुद्धा तिच्या तोंडून काय निघतं याला घाबरले आहेत.

"नाई," ती म्हणाली. "वखारीत भाजले. बाबाच्या चिलमीनं गासडी पेटली होती. लोकायनं टाकारणीले धरलं. मंग बाबानं आपलीच गासडी फाडून दाखवली."

बोलता बोलता ती रडू लागली आणि पुढचं कुणाला कळलं नाही. तेवढं पुरे होतं. भगवंतानं दाभण परत घेतलं.

"म्या आयकलं होतं असं काही," तो म्हणाला. "टाकारणीच्या तांब्याचं. जा बा तुमी. माह्या वखारीत नको."

बाहेर आल्यावर मैनाबाईनं हात उगारला. शकुननं डोळे मिटले. हात पडला नाही. डोळे उघडले तेव्हा आई फाटकाबाहेरच्या माणसांकडे पाहत होती, आणि तिची हनुवटी हलत होती. मग तिनं नत्थुजीच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि ते पुढच्या वखारीकडे निघाले. टाचांवर चालणाऱ्या माणसाला अर्धा कोस फार असतो. तीन ठिकाणी बसावं लागलं. 

त्या वखारीचा मुकादम म्हातारा होता. तो नत्थुजीला काही विचारण्याआधीच मैनाबाई पुढे झाली. पदर सावरला.

"यायच्या चिलमीनं अमरावतीले गासडी जयाली," ती म्हणाली. "दुसरीवर आळ आला होता. यायनं सोताहून सांगितलं. पाय त्याच्यात गेले. अन् ती टाकारी होती, तिले आमच्या तांब्यानं पानी दिलं. आता ठेवत असान तं ठेवा, नाई तं आत्ताच सांगा. लेकरं उपाशी हायेत, आमाले आनखी फिरा लागन."

एवढं बोलून तिला घाम फुटला होता. म्हाताऱ्यानं तिच्याकडे, मग पायांकडे पाहिलं.

"चिलीम वढता का अजून?"

"नाई," नत्थुजी म्हणाला.

म्हाताऱ्यानं विचार केला.  मग त्यानं फाटकाच्या आतली एक जागा दाखवली, हौदापासून लांब, उन्हात.

"तिथं बसा लागन. बाकीचे गडी जवळ बसू नाई देणार. पानी आपलं आपन आनाचं. चार दिवस पाहीन."

नत्थुजी त्या जागी बसला आणि शिवू लागला. त्या दिवशी त्यानं एकवीस गासड्या शिवल्या. म्हाताऱ्यानं एकही परत पाठवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुन भाकर घेऊन आली. वखारभर बातमी पसरली होती. सावलीत जेवायला बसलेल्या गड्यांनी घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "हेच का थे टाकारणीचे सोयरे?" आणि बाकीचे हसले. शकुनला ते हसणं ओळखीचं होतं.  मागे फिरून फाटकातून पळावं, भाकर पहारेकऱ्याकडे द्यावी, असं तिला वाटलं. ती थांबलीही.

मग ती चालू लागली. त्या गड्यांच्या अगदी समोरून, कारण दुसरी वाट नव्हती. उन्हात बाबांच्या शेजारी बसून तिनं फडकं सोडलं. भाकरीचे दोन तुकडे केले, एक त्यांना दिला आणि एक स्वतः घेतला. तिचं लक्ष त्या गड्यांकडे होतं, आणि तुकड्यावरची चटणी मातीत सांडली. नत्थुजीनं ते पाहिलं. आपल्या तुकड्यावरची निम्मी चटणी त्यानं तिच्या भाकरीवर ठेवली, आणि दोघं जेवू लागले.